कागद हलवून बघा

नाना सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचे. हे वाक्य मी एकदा एका सत्कारात बोललो, तेव्हा लोकांना त्यात काहीतरी गहन अर्थ आहे असं वाटलं आणि टाळ्या पडल्या. अर्थ काही नव्हता. ती कामाची रीत होती. दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे करायचं, मागच्या भिंगातून उतरणारं बिंब पांढऱ्या कागदावर घ्यायचं आणि आपण कागदाकडे बघत उभं राहायचं. ऊन पाठीवर. त्यामुळे नानांच्या सदऱ्यांचा रंग आधी पाठीकडून उडायचा. पुढून निळा, मागून जवळजवळ पांढरा. बाजारात समोरून येणारे नाना आणि निघून जाणारे नाना ही दोन वेगळी माणसं वाटायची.

जळगावात सूर्याबद्दल कुतूहल असणं हे मुळात संशयास्पद. इथे मार्चपासून माणसं त्याच्यापासून तोंड लपवतात, डोक्याला उपरणं गुंडाळतात, दुपारी दुकानांची शटरं अर्धी ओढतात. अशा गावात एक घड्याळ दुरुस्त करणारा माणूस रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्याची विचारपूस करतो, याचं शेजाऱ्यांनी सुरुवातीला हसू केलं आणि पुढे त्याची सवय करून घेतली. मेहरूणमध्ये त्यांची गच्ची आणि माझी गच्ची लागून होती. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. म्हणजे मीही मागे बघूनच पोट भरत होतो.

सूर्यावरचे काळे डाग पुष्कळांनी ऐकलेले असतात. नानांना डागांचं फार कौतुक नव्हतं. ते डाग मोजून मोकळे व्हायचे. त्यांचा जीव होता तो बिंबाच्या कडेला दिसणाऱ्या बारीक उजळ ठिपक्यांवर. सूर्याच्या पृष्ठभागावर जिथे चुंबकीय बळ अगदी अरुंद जागेत एकवटतं तिथे असे ठिपके उजळतात, असं पुस्तकात असतं. पुस्तकात त्यांना भारदस्त नावही आहे. नाना त्यांना लाह्या म्हणायचे. कढईत ज्वारी फुटते तसं ते दृश्य दिसतं, हे एकदा बघितल्यावर मलाही पटलं, आणि पुस्तकातलं नाव मी विसरलो.

लाह्यांची एक गंमत होती. बिंबाच्या मध्यावर असताना त्या दिसत नाहीत, कारण तिथे सगळंच लख्ख असतं. कडेचा उजेड जरा मंद असतो, म्हणून तिथे त्या उठून दिसतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे लाह्यांचा एखादा घोळका कागदावर डाव्या कडेला उगवायचा, तीन-चार दिवसांत आतल्या उजेडात हरवायचा, आणि आठवड्याभराने उजव्या कडेला पुन्हा दिसायचा, जाता जाता.

"मधल्या दिवसांत त्या नसतात असं नाही, सर," नाना सांगायचे. "असतात. आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

हा नाद त्यांना लागला तो एका चुकीमुळे. धुळ्याच्या एका शाळेची दुर्बीण दुरुस्तीला आली होती. तिच्या तिपाईचं दातेरी चाक झिजलं होतं, आणि दातेरी चाक म्हणजे घड्याळवाला, असा शाळेचा हिशोब. नानांनी चाक बसवलं आणि दुर्बीण तपासायला सूर्याचं बिंब भिंतीवर पाडलं. बिंबाच्या कडेला पांढुरके ठिपके दिसले. भिंगावर धूळ असेल म्हणून त्यांनी भिंग पुसलं. ठिपके तसेच. त्यांनी भिंग काढलं, घड्याळाच्या काचेला वापरतात त्या चामड्याने पुसलं, परत बसवलं. ठिपके तसेच. तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर ते पायरीवर बसले.

"सूर्य पुसायला निघालेला मी एकटाच असेन," ते म्हणायचे. शाळेची दुर्बीण त्यांनी परत केली आणि भंगारातून मिळालेल्या जमीनमोजणीच्या यंत्राची काच घेऊन, पत्र्याच्या नळीत बसवून, स्वतःची केली.

त्या पहिल्या चुकीतूनच त्यांचा नियम आला. कागदावर काही दिसलं की आधी कागद हलवायचा. ठिपका कागदाबरोबर हलला तर तो कागदाचा. जागेवर राहिला तर मागचं भिंग फिरवायचं. ठिपका फिरला तर ती भिंगावरची धूळ. तरीही जागेवर राहिला तर स्वतःची मान हलवायची, कारण माणसाच्या डोळ्यातही कचरा असतो. या तिन्हीतून जो उरेल तो सूर्याचा. वहीत रोजच्या नोंदीसाठी रकाने होते: तारीख, वेळ, हवा, डाग, लाह्या. शेवटी एक अरुंद रकाना, त्याच्यावर नुसतं 'कागद' असं लिहिलेलं. कागद हलवून खात्री केली की त्यात बरोबरची खूण. खूण नसेल तर ती नोंद कच्ची.

हळूहळू हा नियम सूर्यावरून खाली उतरला. कुणी सांगितलं की अमक्या पुढाऱ्याने यंदा मेहरूणच्या तलावाचं पाणी स्वच्छ करायचं मनावर घेतलंय, तर नाना डोळ्याला लावलेलं भिंग न काढता विचारायचे, "कागद हलवला का?" आमच्या एका प्राध्यापकांना परदेशी विद्यापीठाची पदवी मिळाली, असं मी जरा असूयेनेच सांगितलं, तेव्हाही हेच. आणि ते पुढे खरंच कागदाबरोबर हललं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी यमुनाबाई, साक्रीकडच्या. बोलायच्या अहिराणीत, म्हणजे 'आहे'ला 'शे' आणि 'बघा'ला 'दखा'. नानांनी वांग्याच्या भरताची स्तुती केली की त्या म्हणायच्या, "पहिले कागद हलाई दखा, मग सांगा." नाना गंभीरपणे ताट किंचित हलवायचे आणि म्हणायचे, "नही हालनं. चांगलंच शे."

अक्कांना सूर्यात काडीचा रस नव्हता. त्यांचा त्याच्याशी संबंध पापड वाळण्यापुरता. गच्चीवर अर्ध्यात पापड आणि अर्ध्यात दुर्बीण अशी वाटणी होती, आणि दुर्बिणीची सावली पापडांवर पडली की भांडण.

नानांची दुसरी सवय दुकानातली. सराफ बाजारामागच्या बोळातलं ते दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि नाना. मी पहिल्यांदा गेलो तो सासऱ्यांचं घड्याळ घेऊन. नानांनी मागचं झाकण उघडलं आणि मला भिंग दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या. एक अक्षर, एक फुली, एक आकडा, आणि कोपऱ्यात एक इवलासा त्रिकोण.

"ही फुली धुळ्याच्या एका म्हाताऱ्याची. माणूस गेला, फुली शे," ते म्हणाले. "हा त्रिकोण माझा. म्हणजे हे घड्याळ मी आधी एकदा उघडलंय."

"खूण कशाला करायची?"

"ज्याने हात लावला त्याने खूण करायची, सर. चांगलं केलं असो की बिघडवलं असो. पुढच्याला कळलं पाहिजे, आधी कोण येऊन गेलं."

ज्या समारंभाचा सुरुवातीला उल्लेख केला, तो जामनेरच्या एका शाळेत होता. विज्ञानाचा काहीतरी दिवस. नानांना सूर्य दाखवायला बोलावलं होतं आणि मला त्यांची ओळख करून द्यायला. मंडप, फेटे, गुलाबपाकळ्यांचं ताट, सगळं होतं. फक्त सूर्यावर त्या दिवशी एकही डाग नव्हता. मुख्याध्यापक घाबरले. प्रमुख पाहुणे येऊन मोकळा गोल बघणार?

"नाना, पेन्सिलीने एखादा बारीकसा काढून ठेवा की," ते कुजबुजले. "साहेब काय दोन मिनिटं बघतील."

नानांनी पेन्सिल खिशात घातली. पाहुणे आले. आधी सूर्य म्हणजे ज्ञान, ज्ञान म्हणजे प्रगती, आणि प्रगती म्हणजे स्वतः पाहुणे, अशा क्रमाने भाषण झालं. मग ते कागदापाशी आले. खाली वाकले. "वा! केवढा मोठा डाग! पृथ्वीपेक्षा मोठा असेल, नाही?" फोटो निघाला. नाना पुढे झाले आणि त्यांनी कागद बोटभर सरकवला. डाग कागदाबरोबर सरकला. माशीने तो नुकताच केलेला होता.

"साहेब," नाना अदबीने म्हणाले, "हा जामनेरचाच आहे."

परतीच्या एसटीत मी हसत होतो आणि नाना खिन्न होते. "उजव्या कडेला तीन लाह्या होत्या," ते म्हणाले. "इतके लोक आले आणि कुणी बघितल्या नाहीत. उद्या जातील त्या."

महिन्याच्या महिन्याला नानांच्या नोंदींची एक प्रत पुण्याच्या हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाकडे जायची. तिथून कधी दोन ओळींचं उत्तर यायचं, कधी नाही. मला ते सगळं जरा निष्फळ वाटायचं. आकाशातल्या यानांमधून मोठाल्या दुर्बिणी सूर्याचे फोटो काढतात. तिथे मेहरूणच्या पत्र्याच्या नळीला कोण विचारतं? मी हे एकदा बोललोही.

"त्यांची नोंद त्यांची, सर. माझी माझी," नाना म्हणाले. "तीस वर्षांत मी एकसुद्धा लाही घरची टाकलेली नाही. एवढंच आहे माझ्याजवळ."

'घरची' हा त्यांचा शब्द. न बघता लिहिलेली, अंदाजाने भरलेली, ती घरची.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी घड्याळाचे काटे मध्येच वाकलेले दिसायला लागले. मग समोर बघितलं की बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. गावाने लगेच निकाल दिला, इतकी वर्षं सूर्य बघितला, मग दुसरं काय होणार! ज्या माणसाने आयुष्यात कधी सूर्याकडे तोंड केलं नाही त्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं.

"आता माझ्याजवळ स्वतःचा डाग आहे," ते मला म्हणाले. "कागद हलवला, हलत नाही. भिंग फिरवलं, फिरत नाही. मान हलवली की हलतो. म्हणजे माझाच. नियम बरोबर आहे."

दुकान त्यांनी एका सकाळी बंद केलं. त्या आधीच्या संध्याकाळी एका घड्याळाच्या झाकणात त्यांना त्रिकोण पुरा करता आला नव्हता. तिसरी रेघ भलतीकडे गेली होती. दुकानाचं त्यांनी फार दुःख केलं नाही. पण वही थांबली तेव्हा घर बसलं. आठ दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. जेवण पानात तसंच राहायचं. नवव्या दिवशी अक्कांनी हाताला धरून त्यांना वर नेलं.

"दुर्बीण तुम्ही लावा. मी दखस आनि सांगस. मना डोया काही फुटनात नही."

ती व्यवस्था चांगली बसली. नळीची जमिनीवरची सावली सगळ्यात आखूड झाली की नेम लागतो, आणि सावली नानांना डोळ्याच्या कडेने दिसायची. ते दुर्बीण लावायचे. अक्का कागदावर वाकायच्या. सुरुवातीला माझ्या गच्चीवर रोज ऐकू यायचं ते भांडणच होतं.

"डावाकडे दोन शेतस."

"कागद हलव."

"हलावना. तठेच शेतस."

"भिंग फिरव."

"पापड लाटाना शेत मले!"

पण भिंग फिरवलं जायचं. नाना वहीवर अगदी वाकून, मान तिरकी करून, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात नोंद करायचे. त्यांचा आवाज परत आला. जेवण परत आलं. अक्का भाजीवाल्याला सांगायला लागल्या की आज डाव्या अंगाला मोठा घोळका आलाय.

सूर्याचा अकरा वर्षांचा एक फेरा असतो. त्यात तो जागा होतो, भरात येतो आणि पुन्हा झोपतो. झोपला की डागही जातात आणि कडेच्या लाह्याही विरळ होत होत दिसेनाशा होतात. नानांनी असे फेरे बघितले होते, आणि आता झोपेचा काळ येतोय हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या हिवाळ्यात मी एकदा सहज त्यांच्या गच्चीवर गेलो. थंडी होती, हवा स्थिर होती, बिंब चाकूने कापल्यासारखं स्वच्छ होतं. अक्का म्हणाल्या, "डावाकडे दोन."

मी कागदाकडे बघितलं. काही नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कुठेच नाही. मी मान वर केली. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात विनवणी नव्हती. जरासा दरारा होता, घरच्या माणसाला डोळ्याने गप्प करतात तसा.

"सर, तुम्हालाही दिसल्या?" नानांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "दोन."

नानांनी लिहिलं. खाली अक्कांनी मला चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोन म्हिना व्हई गयात, काहीच नही तठे. 'काही नही' सांगं का ते दिवसभर बोलतस नही. एखाद-दोन सांगी दिधात का दिन चांगला जास त्यास्ना. सूर्यानं काय जास त्याम्हा?"

सूर्याचं खरंच काही जात नव्हतं. नानांचं काय जात होतं ते मला माहीत होतं. 'एकसुद्धा लाही घरची नाही' हे मी ऐकलेलं होतं. तरी मी चहा प्यायलो आणि घरी आलो. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. विद्यार्थ्यांना मी पंचवीस वर्षं खोट्या साक्षींनी भरलेल्या बखरी कशा वाचायच्या ते शिकवलं. आपली साक्ष तितक्या सहज निघून जाईल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मी त्या दिवशी ऐकली आणि सोडून दिली. नानांनी अक्कांना 'कागद हलव' म्हटलं नव्हतं. मलाही नाही. मी ते वयावर घातलं. त्याच सुमारास पुण्याला जाणारी प्रत बंद झाली होती. विचारलं तर म्हणाले, "टपालात कोण टाकणार आता?" पोस्टाची पेटी त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर होती आणि दळण आणायला ते तिच्यावरूनच जायचे. मी तेही सोडून दिलं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. रोज सकाळी दोन, कधी तीन. मग अक्कांच्या पोटात काहीतरी निघालं आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या गच्चीवर जात होत्या. चढवेना तेव्हा खाटेवरून विचारायच्या, "लाई का दुर्बीण? मी खिडकीमधून दखस." खिडकीतून फक्त शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसायची. एका सकाळी नाना खाटेशी कागद घेऊन बसलेले मी दाराबाहेरून बघितले. अक्कांनी डोळे मिटूनच सांगितलं, "दोन शेतस." नाना म्हणाले, "हा. लिखी लिधं." मी आत गेलो नाही.

तेरावं झाल्यावर धुळ्याला असलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. निघायच्या आदल्या सकाळी कठड्यापलीकडून हाक आली, "सर, जरा येता का?"

दुर्बीण लावलेली होती. कागद ताणून बसवलेला. नाना नेहमीच्या जागी, उन्हाला पाठ देऊन उभे होते. अक्का उभ्या राहायच्या ती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

"बघा काय आहे."

मी बघितलं. डाव्या कडेला लाह्यांचा घोळका होता, उजवीकडे दुसरा. मध्ये डागांची एक जोडी. दोन वर्षांत मी कागदाकडे बघितलंच नव्हतं. सूर्य केव्हाच जागा झाला होता.

"नाना, आहेत. डावीकडे सात. आठ. उजवीकडे पाच."

"कागद हलवा."

मी हलवला. "तिथेच आहेत."

"पुन्हा."

"तिथेच आहेत, नाना."

"भिंग फिरवा."

फिरवलं. आहेत, म्हणालो.

"मान हलवा."

मी मान हलवली. साठीच्या पुढचा माणूस, भर सकाळी गच्चीवर, शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होतो. "आहेत, नाना. खरंच आहेत."

खालून मुलीने ट्रंकेची कडी लावल्याचा आवाज आला.

"तिला इतक्या कधी दिसल्या नाहीत," ते म्हणाले. "दोन. फार तर तीन. घरच्या टाकायच्या तरी हात आखडताच होता तिचा."

मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी..."

"लिहा," ते म्हणाले. "आता मला ओळ सापडत नाही. खूण तुमची करा."

वही माझ्या हातात आली. आजची ओळ शोधायला मला पानं मागे उलटावी लागली, आणि मग मी थांबलो नाही. आधीच्या नोंदींपुढे नानांचा त्रिकोण होता. डोळे गेल्यानंतरच्या नोंदींपुढे 'य'. यमुनेचा. पहिले काही महिने 'य'च्या पुढे, कागदाच्या रकान्यात, बरोबरची खूण होती. मग एका तारखेपासून तो रकाना कोरा होता. त्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही खूण नाही.

नानांना ते कसं कळलं, हेही वहीतच होतं. खरी लाही डाव्या कडेला येते, आणि पंधरवड्यात उजव्या कडेने निघून जाते. वहीतली तीस वर्षं अशी डावीकडून उजवीकडे चालत होती. अक्कांच्या लाह्या मात्र रोज डाव्याच कडेला होत्या, सूर्य जागा झाल्यावरही; कागदाकडे नीट बघणं त्यांनी केव्हाच सोडलेलं असणार. त्या नुसत्या यायच्या. उजवीकडे एकही गेलेली नव्हती. दोन वर्षं सूर्यावरून एकसुद्धा लाही गेली नाही. आणि ज्या माणसाला हे दुसऱ्याच पंधरवड्यात कळलं असणार त्याने तिला एकदाही कागद हलवायला सांगितला नाही. फक्त पुण्याला प्रत पाठवणं बंद केलं.

हिवाळ्यातल्या त्या पानावर 'य'च्या शेजारी त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'सर'. पुढचा रकाना कोरा.

मी आजची नोंद केली. लाह्या, डावीकडे आठ, उजवीकडे पाच. कागदाच्या रकान्यात खूण केली. नानांनी त्या जागेवरून बोट फिरवलं, पेन्सिलीचा दाब लागतो का ते बघायला. मग म्हणाले, "चहा मुलगी करेल. जाताना खाली सांगा."

पुढच्या वर्षी धुळ्याला, मुलीच्या घरी, ते वारले. मला दोन दिवसांनी कळलं. वही त्यांनी माझ्याकडेच ठेवायला सांगितली होती. ती माझ्याजवळ आहे. कॉलेजच्या एका मंडळाला ती काचेच्या पेटीत, नानांच्या फोटोखाली ठेवायची आहे, आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर तीन बैठका झाल्या आहेत. मी वही अजून दिलेली नाही. कोरा रकाना बघून कुणीतरी तो भरून टाकेल अशी मला भीती वाटते.

त्या सकाळी चहाचं सांगून मी माझ्या घरी आलो आणि कशासाठी तरी गच्चीवर गेलो. नाना अजून तिथेच होते. दुर्बीण काढलेली नव्हती. ते दोन्ही हातांनी कागदाची पाटी धरून उभे होते. विटलेली पांढरी पाठ माझ्याकडे आणि सूर्याकडे. त्यांनी कागद हळूच डावीकडे सरकवला, उजवीकडे आणला आणि थांबले. मग मान किंचित कलती करून, मोकळ्या ठेवलेल्या जागेकडे कान दिला.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा कागद हलवला.